स्प्लेंडरचं इंजिन रेससाठी तयार केलं: एका हंगामाचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग सविस्तर. जुन्या स्प्लेंडरचं 97.2 सीसीचं इंजिन दिवाळीनंतर पूर्ण उघडलं, बांधलं, सुगी संपल्यावर माळावर उतरवलं आणि वळवाचा पाऊस लागेपर्यंत दणकून पळवलं. पावसाळ्यात परत खोललं आणि जे जे मोजता येतं ते सगळं मोजलं. इंजिन एकदाही जाम झालं नाही, ताकद नक्की वाढली. आणि या ताकदीतला मोठा वाटा विकत आणलेल्या पार्टांचा नाही, नीट मापात केलेल्या मशीनिंगचा आहे. बेळगावसारख्या गावात राहून हे मशीनिंग सोडून नुसत्या पार्टांवर पैसे उडवणाऱ्या पोरांना बघितलं की जीव हळहळतो.

यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स 100 का नाही, हा प्रश्न खानापूरपासून निपाणीपर्यंत सगळे विचारतात. टू-स्ट्रोकला क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट मिळतो, म्हणून तिचं 98 सीसीचं इंजिन कंपनीतूनच 11 हॉर्सपॉवर द्यायचं. स्प्लेंडर साडेसातच्या आसपास देते. फरक मोठा आहे, मान्य. पण आरएक्स भारतात बनायची बंद झाली 1996 ला. आज चांगली आरएक्स लोक घरच्या दागिन्यासारखी जपतात आणि किंमतही तशीच सांगतात. ती माळावर आपटायची कुणाची छाती होणार? स्प्लेंडरचं अख्खं इंजिन भंगारवाल्याकडे मिळतं, पिस्टन-रिंग कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतात आणि चंदगडच्या आठवडी बाजाराजवळचा मिस्त्रीसुद्धा ते डोळे झाकून उघडतो. रेस करायची तर पार्ट मोडणारच. मोडल्यावर दुसऱ्या दिवशी मिळाला पाहिजे, हा माझा पहिला निकष होता.

आता मशीनिंग. बेळगाव हे फौंड्र्यांचं आणि मशीन शॉपचं गाव. उद्यमबागेत एक चक्कर मारली तर बोअरिंग (सिलिंडरचं भोक मोठं करणं), होनिंग (त्याची भिंत दगडानं घासून तयार करणं), क्रँक ग्राइंडिंग, टिग वेल्डिंग सगळं पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे क्रँक करणाऱ्या माणसाला आपलं 50 मि.मी.चं बोअर म्हणजे खेळणं वाटतं, पण त्याचा हात आणि त्याचं बोअर गेज दोन्ही खात्रीचं असतं. मी ज्यांच्याकडे गेलो त्या काकांनी सिलिंडर हातातही घेतला नाही. "पिस्टन आणलास काय? पिस्टन आधी दे. बोअर पिस्टनला बघून करायचं असतंय, पुस्तकाला बघून न्हवं."

त्यांनी पिस्टन स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या घेराच्या) खालच्या अंगाला, पिनच्या काटकोनात मोजला आणि 0.04 मि.मी. जागा सोडून बोअर केलं. साइज घेतली 0.50 ओव्हर, म्हणजे बोअर 50.5. स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) कंपनीचाच 49.5. हिशेब केला तर 99.1 सीसी होतात. दोन सीसीनं गाडी उडत नाही. बोअर पुन्हा गोल आणि सरळ व्हावं एवढ्यासाठीच हे काम. एक मि.मी. ओव्हर घेतलं असतं तर 101 सीसी झाले असते आणि 100 सीसीच्या गटाबाहेर गेलो असतो. आपल्याकडच्या शर्यतीत तक्रार आली की इंजिन उघडून मापतात, हे ध्यानात ठेवा. शिवाय मोठं स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली नळी) घालून दीडशे सीसीच्या गप्पा मारणाऱ्यांनी एक विचार करावा: स्लीव्हची भिंत जितकी पातळ, तितकं गरम झाल्यावर बोअर वाकडं होतं. एअर-कूल्ड इंजिनात तर लवकरच.

होनिंगनंतरची एक गोष्ट बहुतेकजण गाळतात. बोअर पेट्रोलनं पुसून भागत नाही. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश घेऊन घासायचं, मग कोरडं करून तेलात भिजवलेलं पांढरं फडकं फिरवायचं. पहिलं फडकं राखाडी निघालं. परत घासलं. दुसरं फिकट राखाडी. फडकं पांढरंच्या पांढरं बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवलं. ती राखाडी म्हणजे होनिंगच्या दगडाची पूड, ती आत राहिली की नवीन रिंग पहिल्याच दिवशी घासून टाकते. यात एक संध्याकाळ जाते, पैसे जात नाहीत.

क्रँकही तिथंच व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल (बारीक फरक दाखवणारं गेज) लावून बघितला. दाबून बसवलेल्या पिनचा क्रँक जरा जरी फिरलेला असला तरी वरच्या आरपीएमला हँडल आणि फूटरेस्ट झिणझिणतं, आणि बेअरिंग लवकर जातं. तांब्याच्या हातोड्यानं दोन ठोके, परत डायल, परत एक ठोका. 9,500 आरपीएमला हा पिस्टन सरासरी सेकंदाला साडेपंधरा मीटरच्या वर धावतो. तिथं क्रँक सरळ नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

हेड (सिलिंडरवरचं झाकण) अर्धा मि.मी. प्लेन करून, म्हणजे घासून उतरवून घेतलं. कंपनीचा कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) नऊला एक धरला तर चेंबर (स्फोटाची जागा) साधारण 12 सीसीचा असतो, अर्धा मि.मी. उतरवला की त्यातला जवळपास एक सीसी जातो आणि वाढलेल्या बोअरसकट रेशो पावणेदहाच्या पुढे सरकतो. अंदाजानं सांगत नाही, इंजेक्शनच्या सिरिंजनं तेल भरून चेंबर मापला. पण हेड खाली आलं की कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) चेन तेवढी सैल पडते आणि व्हॉल्व्हचं टायमिंग मागे पडतं. हे न बघता हेड घासून देणारे बरेच आहेत. मी कॅम स्प्रॉकेटची (चेनच्या दातेरी चाकाची) बोल्टची छिद्रं थोडी लांबट करून टायमिंग परत जागेवर आणलं. मग पोरांची खेळायची रंगीत क्ले पिस्टनवर थापली, हेड बसवून इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं, परत उघडलं आणि ब्लेडनं क्ले कापून व्हॉल्व्ह उमटला होता तिथली जाडी मोजली. इनटेकला दीड मि.मी. आणि एक्झॉस्टला दोन मि.मी. यापेक्षा कमी जागा ठेवू नये.

कॅमबद्दल मत बनायला मला अख्खा हंगाम लागला. जुन्या कॅमचा बेस घासून लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) वाढवून घेतली, स्प्रिंगखाली शिम (पातळ चकत्या) घातले. वरच्या आरपीएमला इंजिन श्वास घेतं हे खरं, आवाजातच कळतं. पण खालची ओढ गेली. आपले ट्रॅक म्हणजे भात कापलेलं रान नाहीतर मुरमाचा माळ, वळणं आखूड, वळणातून बाहेर पडताना चाक फिरवायला खालचीच ओढ लागते. आणि पावसाळ्यात उघडल्यावर दिसलं ते वेगळंच: रॉकरच्या (कॅमची हालचाल व्हॉल्व्हला देणाऱ्या दांडीच्या) कॅमवर घासणाऱ्या पॅडला खड्डा पडायला सुरुवात झाली होती. कडक स्प्रिंग आणि जास्त लिफ्ट यांची किंमत ती. लांब सरळ ट्रॅकवर पळणार असाल तर कॅम करा. माळावर पळणाऱ्याला मी कंपनीचा कॅमच सुचवीन आणि ते पैसे पोर्टवर (हेडमधल्या हवा-धुराच्या वाटांवर) घालायला सांगेन.

पोर्ट म्हणजे आरशासारखं पॉलिश नव्हे. इनटेक मॅनिफोल्ड, गॅस्केट आणि हेड जिथं मिळतात तिथं कास्टिंगची पायरी असते, ती काढायची. नखाला लागणार नाही इतकं सलग करायचं, एवढंच. हँड ग्राइंडर आणि संयम पुरतो.

कार्ब (कार्ब्युरेटर) 20 मि.मी.चा लावला. त्याहून मोठा नको. भोक मोठं झालं की हवेचा वेग पडतो आणि खाली थ्रॉटल उघडला की इंजिन गुदमरतं. जेटिंगमध्ये (इंधनाच्या बारीक भोकाचा, म्हणजे जेटचा, नंबर निवडण्यात) आपल्या भागाची दोन वैशिष्ट्यं आहेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, इथली हवा गोव्यापेक्षा साधारण सात टक्के विरळ. इथं नीट लावलेला जेट घेऊन चोर्ला घाटानं खाली गोव्यात उतरलात की तिथल्या दाट हवेत मिक्श्चर पातळ होतं, प्लग पांढरा पडतो आणि पिस्टन तापतो. खाली पळवायची तर मेन जेट मोठा न्यायचाच. दुसरं, पेट्रोल. आता पंपावर इ20 मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. त्याला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं, म्हणून पाच-सात वर्षांपूर्वीचे जेटचे नंबर आज चालत नाहीत. मी एक नंबर वर गेलो तेव्हा प्लगचा रंग विटकरी आला. इथेनॉलचा एक फायदा मात्र मोठा: त्यानं ऑक्टेन वाढतो, म्हणून पावणेदहाच्या वरच्या कॉम्प्रेशनलाही इंजिन ठोकलं नाही. चिकोडी-अथणीच्या उसाचा असाही उपयोग होतो याचा मला मनापासून आनंद आहे. पण पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर कार्बची वाटी रिकामी करून ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे आषाढात हवेत पाण्याशिवाय असतं काय? शेजारच्या पोराच्या कार्बात पांढरा बुरा आणि बंद झालेला स्लो जेट मी डोळ्यांनी बघितलाय.

सायलेन्सरवर मी फार खर्च केला नाही. आतली जाळी-पडदे नसलेला सरळ पाइप, लांबी कंपनीच्या बेंडइतकीच. आवाज वाढतो त्या मानानं ताकद थोडीच वाढते.

रुपयामागं सगळ्यात जास्त फायदा दिला तो पुढच्या स्प्रॉकेटनं. 14 दातांचं काढून 13 चं घातलं. सगळ्या गिअरला साडेसात टक्क्यांच्या वर ओढ जास्त, किंमत एका थाळीची. टॉप स्पीड तेवढी कमी होते, पण माळावर चौथ्या गिअरला पूर्ण पिळायची वेळ येते कुठं? इंजिन उघडायच्या आधी, अगदी पहिल्यांदा, हे करून बघा.

आता धूळ. आपली लाल माती वाळली की पिठासारखी बारीक होते आणि पुढच्या गाडीमागून पळताना सगळी तुमच्या कार्बच्या तोंडात. फिल्टर काढून उघड्या कार्बवर पळणारे इथं खूप आहेत, "हवा जास्त जाते" म्हणून. त्या हवेबरोबर जे जातं ते रिंगला घासतं. मी दोन थरांचा फोम, फिल्टर ऑइलमध्ये भिजवून पिळलेला, मूळ डब्यात बसवला आणि प्रत्येक शर्यतीनंतर धुतला. एवढं करूनही पावसाळ्यात मोजताना वरच्या रिंगचा गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) 0.20 वरून 0.35 मि.मी.च्या जवळ गेला होता. बोअर मात्र मापात होतं, होनिंगच्या तिरक्या रेघा अजून दिसत होत्या. रिंग बदलली, पिस्टन तोच ठेवला.

ऑइलबाबत: या इंजिनात एक लिटरसुद्धा तेल मावत नाही, तेच गिअरला, तेच क्लचला. गाळायला क्रँकच्या टोकाला फिरणारी वाटी आहे. तेल तिच्यातून जाताना जड कचरा फेकला जाऊन भिंतीला चिकटतो. गॅरेजवाले ती सहसा उघडत नाहीत. मी उजवं कव्हर काढून उघडली तेव्हा आत करड्या मेणासारखा थर होता. बोटावर घेऊन उन्हात धरला तर त्यात चमक दिसली, बारीक ॲल्युमिनियम आणि क्लचच्या प्लेटांची पूड. सुरुवातीला थर जाड, नंतर प्रत्येक वेळी पातळ. इंजिनाच्या तब्येतीचा याच्याइतका खरा रिपोर्ट दुसरा नाही. एखाद्या दिवशी चमक अचानक वाढली तर शर्यत सोडा, इंजिन उघडा. तेल मी साधं 10डब्ल्यू-30 वापरलं आणि लवकर लवकर बदललं. महागडं तेल घालून हंगामभर तेच ठेवण्यापेक्षा हे बरं. प्लग मूळ नंबरपेक्षा एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. क्लचच्या स्प्रिंगा नवीन घातल्या नाहीत तर वाढलेली सगळी ताकद क्लचमध्येच जळते, त्या पहिल्याच दिवशी बदला.

खर्च सगळा मिळून पंधरा हजारांच्या आत राहिला, इंजिनची भंगारातली किंमत सोडून. त्यातला निम्म्याहून जास्त मशीन शॉपला गेला. रायडिंग बूट, गुडघ्याचे गार्ड आणि बऱ्या हेल्मेटचा खर्च यात धरलेला नाही, आणि तो आधी करायचा आहे. पैसे कमी पडत असतील तर कॅम सोडा, कार्ब सोडा, हेल्मेट सोडू नका.

हे इंजिन रस्त्यावर चालवायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीत असा बदल करता येत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी हायवेवर किंवा गावातून असल्या गाड्या पिळणाऱ्यांमुळेच आपल्या शर्यतींना परवानगी मिळणं अवघड होतं. मी गाडी टेम्पोत घालून नेतो. पुढं मोठ्या ट्रॅकवर जायचं असेल तर एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं) लायसन्स काढावं लागतं आणि तिथल्या गटांचे नियम वेगळे असतात. इंजिनाला हात लावायच्या आधी ते वाचा, कारण काही गटांत हेड प्लेन करणंसुद्धा चालत नाही.

सध्या इंजिन परत बांधून तयार आहे. नवी रिंग, नवा रॉकर, कॅम चेनचा टेन्शनर नवा, कॅम कंपनीचा. बाकी सगळं तेच. भात कापून झालं की त्याच माळावर, त्याच जेटवर लावून बघणार आणि कॅमचा फरक वेळ लावून मोजणार. ज्यांच्याकडे असंच इंजिन आहे आणि कॅम बदललेला आहे त्यांनी आपला रॉकर एकदा काढून बघा, पॅडवर नख फिरवा. नख अडलं तर पुढच्या शर्यतीआधी बदला.