परदेशी शिक्षणापूर्वीचा आरोग्यसल्ला : एका प्रवास-आरोग्य केंद्राचा अनुभव

मुलगी शिक्षणासाठी परदेशी जाण्यापूर्वी आम्ही ज्या केंद्राचा सल्ला घेतला, तेथील डॉक्टरांनी लसीकरणाचे जुने कार्ड बारकाईने तपासून गोवर-गालगुंड-रुबेला लशीची नोंदच नसल्याचे दाखवून दिले. या लशीच्या दोन मात्रांमध्ये किमान 28 दिवसांचे अंतर लागते, त्यामुळे निघण्याच्या आदल्या आठवड्यात तेथे जाण्यात अर्थ नाही. दम्याच्या औषधाची चिठ्ठी त्यांनी कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावाने व मात्रेसह लिहिली आणि सालब्युटामॉलला अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणतात, हेही आवर्जून नोंदवले. एवढी काळजी मला फार मोलाची वाटली. विम्याबाबतचे मार्गदर्शन मात्र तोकडे होते, कारण आधीपासून असलेल्या आजाराला संरक्षण मिळेल का, हा महत्त्वाचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.