घरच्या संगणकावर भजनाच्या सीडी : सीडीबर्नरएक्सपीचा अनुभव

सोलापुरात आमच्या घरी दर एकादशीला भजन होत असे आणि त्या भजनांच्या नऊ कॅसेट आईने जपून ठेवल्या होत्या. त्या संगणकावर उतरवून घेतल्यावर तिला हव्या होत्या त्या सीडीच, कारण तिच्या उशाशी असलेला जुना प्लेअर पेनड्राइव्ह घेत नाही आणि एमपी३ची सीडीही वाजवत नाही. त्या कामासाठी महिनाभर मी विंडोजवर सीडीबर्नरएक्सपी हे मोफत सॉफ्टवेअर वापरत आहे.

यात डेटा डिस्क न निवडता ऑडिओ डिस्कच निवडावी लागते, कारण साध्या प्लेअरला सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा (म्हणजे आवाजाच्या मोजून घेतलेल्या नोंदींचा), १६ बिटचा ध्वनीच कळतो. फाइल आकाराने कितीही लहान असली, तरी ७०० एमबीच्या कोऱ्या सीडीवर ८० मिनिटेच मावतात. त्यामुळे ९० मिनिटांच्या प्रत्येक कॅसेटसाठी मला दोन सीडी लागल्या.

मला हे सॉफ्टवेअर आवडले ते एका गोष्टीसाठी. आमच्या भजनात गजर चढत जातो आणि पखवाज न थांबता त्याच ठेक्यावर पुढचा अभंग उचलला जातो. नेहमीच्या पद्धतीने राइट केल्यास दोन ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची शांतता येते आणि ऐन रंगात टाळ तुटल्यासारखे वाटते. ही शांतता काढून टाकण्याची सोय येथे आहे. मात्र एमपी३ फाइलच्या सुरुवातीला व शेवटी थोडी रिकामी जागा आपोआप येत असल्याने तेवढ्याने भागत नाही. मी मूळ ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही या न आकसलेल्या स्वरूपात ठेवून पुन्हा सीडी केली, तेव्हा गजरातून अभंगात जाताना सांधा कुठेच जाणवला नाही. ध्वनिमुद्रणाचे तुकडे पाडण्यासाठी मला ऑडासिटी हे ध्वनी संपादनाचे सॉफ्टवेअर वापरावे लागले. नवख्या माणसाला हा टप्पा किचकट वाटेल.

पहिली सीडी मी २४एक्स, म्हणजे वाजण्याच्या वेगाच्या २४ पट वेगाने राइट केली होती. सीडी आतून बाहेरच्या कडेकडे लिहिली जाते आणि कडेला वेग सर्वाधिक असतो. नेमके शेवटचे दोन अभंग आईच्या प्लेअरवर अडखळू लागले. १६एक्सवर पूर्ण सीडीला सहाएक मिनिटे लागतात, पण ती अखेरपर्यंत नीट वाजते. बाहेरून जोडायचा राइटर यूएसबी हबला न लावता थेट संगणकाला जोडावा. अपुऱ्या विजेमुळे माझ्या दोन सीडी अर्ध्यावर फुकट गेल्या.

सीडीवर कागदी लेबल न चिकटवता मी सीडीसाठीच्या मार्करने तिथी लिहिली आहे. राइट केलेल्या सीडीचा रंगथर ऊन आणि उष्णतेने खराब होतो, त्यामुळे आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात या सीडी खिडकीत किंवा गाडीत ठेवू नयेत. आईने त्या देवघराखालच्या कप्प्यात ठेवल्या आहेत.