१९७४ च्या कॅम्पर व्हॅनमधील स्वयंचलित अग्निशामक : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

आमची फोक्सवॅगन टाइप २ कॅम्पर व्हॅन १९७४ सालची असून ती ब्रिस्टलला घरासमोर उघड्यावरच उभी असते. या गाडीत इंजिन मागे आहे आणि पेट्रोलची टाकी त्याच्यापुढे, पत्र्याच्या आड, बरीच वर आहे. त्यामुळे रबरी नळी फुटली तर इंजिन बंद केल्यावरही पेट्रोल आपल्या वजनाने खाली येत राहते. शिवाय क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे मुख्य कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे आणि ती एकदा पेटली की पाण्याने विझत नाही, उलट अधिक भडकते. म्हणूनच गेल्या वर्षी मार्चमध्ये मी इंजिनाच्या कप्प्यात स्वयंचलित अग्निशामक बसवले.

त्याची रचना साधी आहे. सिलिंडरमध्ये एचएफसी-२२७ईए हा आग विझवणारा वायू १ किलो, द्रवरूपात असून त्यावर नायट्रोजनचा दाब आहे. सिलिंडरपासून निघालेली ४ मीटर लांबीची प्लॅस्टिकची नळी कप्प्यात वरच्या बाजूने फिरवलेली आहे. नळीचा जो भाग साधारण ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापेल तो मऊ होऊन फुटतो आणि त्याच भोकातून वायू आगीवर सुटतो. यासाठी बॅटरी लागत नाही. वीज लागते ती फक्त दाब उतरल्याची सूचना देणाऱ्या बझरला. आग लागण्याचा प्रसंग आमच्यावर आलेला नाही, त्यामुळे ती विझते कशी हे मी सांगू शकत नाही. मी सांगणार आहे ते आग न लागता या यंत्रणेने दिलेल्या त्रासाबद्दल.

पहिली तक्रार दाबमापकाची होती. २० अंश तापमानाला काटा १५ बारवर (बार हे दाबाचे एकक) असे, तो जानेवारीत एका सकाळी साडेबारा बारवर आला. गळती झाली असे समजून मी धसका घेतला. परंतु सिलिंडरची झडप बंद करून, तो काढून रात्रभर घरात ठेवल्यावर काटा पुन्हा १५ वर गेला. थंडीत दाब उतरणारच, एवढाच त्याचा अर्थ होता. मार्चमध्ये मात्र काटा पुन्हा उतरला आणि या वेळी घरात ठेवूनही चढेना. कणीक मोजायच्या काट्यावर सिलिंडर ठेवला, तर नोंदवहीतल्या वजनापेक्षा जेमतेम ६ ग्रॅम कमी भरला. विझवणारा वायू जागच्या जागी होता आणि नायट्रोजन तेवढा निघून गेला होता. नायट्रोजनचे वजन इतके अल्प असते की केवळ वजन पाहणाऱ्याला ही गळती कळत नाही, आणि केवळ काटा पाहणाऱ्याला ती थंडीपासून वेगळी ओळखता येत नाही. माहितीपुस्तिकेत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटल्यास सिलिंडर भरून घ्या असे लिहिले आहे, परंतु ही दोन्ही मोजमापे एकत्र ठेवून वाचावीत हे कुठेही लिहिलेले नाही.

गळती शोधण्यासाठी मी आईची रीत वापरली. गॅसचा रेग्युलेटर बदलला की ती साबणाचा फेस बोटाने लावून पाहायची, तसाच फेस प्रत्येक सांध्याला लावला. नळीच्या अगदी टोकाच्या बुचापाशी मोहरीएवढा बुडबुडा दर पाच-सात सेकंदांनी फुगत होता. दोष माझाच होता : बसवताना मी नळी पकडीने तोडली होती, त्यामुळे तोंड तिरपे झाले होते आणि आतली रबरी कडी एका बाजूलाच टेकत होती. धारदार पात्याने नळी काटकोनात कापली आणि सांधा पुन्हा बसवला. नायट्रोजन मात्र परवानाधारकाकडूनच भरून घेतला, कारण ते काम घरी करण्याजोगे नाही.

सर्वांत अधिक वेळ गेला तो उष्णतेच्या प्रश्नात. नळी आग नसताना फुटली तर सिलिंडर रिकामा होतो, म्हणून ती बसवण्यापूर्वीच मी तिच्या मार्गावर पाच ठिकाणी तापमानदर्शक पट्ट्या चिकटवल्या होत्या. ज्या तापमानापर्यंत जागा तापली तिथपर्यंतचे चौकोन काळे होतात आणि तसेच राहतात. पट्ट्यांसह आम्ही एक्समूर या डोंगराळ भागात जाऊन पोरलॉकचा चढ चढलो. हा चढ चारास एक, म्हणजे चार मीटर पुढे जाताना एक मीटर वर, असा आहे आणि आमची गाडी तो पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढते. (सौभाग्यवती त्या वेळी पायी गेल्या असत्या तर बरोबरच पोहोचल्या असत्या, असे त्यांचे मत आहे.) वर पोहोचून इंजिन बंद केले. इंजिन थांबले की त्याला हवेने थंड ठेवणारा पंखाही थांबतो आणि खालच्या पत्र्यातून साठलेली उष्णता वर येते. कप्पा सर्वाधिक तापतो तो धावताना नव्हे, थांबल्यानंतर. चार पट्ट्या ७७ पर्यंत काळ्या झाल्या, उजव्या मागच्या कोपऱ्यातली मात्र ९३ पर्यंत गेली. तिथे हात घालून पाहिले, तर इंजिनाभोवतीच्या पत्र्याची रबरी पट्टी कुजून वीतभर तुटलेली होती आणि खालची गरम हवा थेट कप्प्यात येत होती. म्हणजे इंजिन स्वतःचीच तापलेली हवा पुन्हा ओढून थंड व्हायला पाहत होते. पट्टी बदलल्यावर तोच चढ पुन्हा चढलो, तेव्हा तोही कोपरा ७७ वर थांबला. तिथे मी नळी आंधळेपणाने बांधली असती, तर ती उन्हाळ्यात केव्हा तरी फुटली असती आणि मी निर्मात्याला दोष देत बसलो असतो.

बझर पावसाळी दिवसांत मधूनच वाजत असे. दाबाचा स्विच बदलण्याआधी त्याचे अर्थिंग पाहिले. मागच्या मालकाने रंगवलेल्या पत्र्यावरच मी स्क्रू पिळला होता. रंग खरवडल्यानंतर बझर गप्प आहे. तो काढून टाकण्याचा मोह मात्र आवरावा. या इंजिनाचा पंखा कप्प्यातलीच हवा ओढून खाली बाहेर टाकतो, त्यामुळे इंजिन चालू राहिले तर सुटलेला वायूही तो ओढून नेईल. बझर वाजताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करणे आणि मागचे झाकण न उघडणे, हा या यंत्रणेचा माणसावर सोपवलेला अर्धा भाग आहे.

एक काम मात्र मी अग्निशामकाच्याही आधी केले होते. कापडी वेष्टनाच्या जुन्या पेट्रोल नळ्यांतल्या भेगा बाहेरून दिसत नाहीत, आणि ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून आलेले १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. त्या सर्व नळ्या काढून मी इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घातल्या आणि प्रत्येक टोकाला क्लिप लावली. ज्यांचे पैसे एकाच कामाला पुरतील, त्यांनी ते तिथे घालावेत. गेल्या रविवारी घरात मोजले तेव्हा काटा १५ वर होता आणि वजन मार्चमध्ये भरून आणल्या दिवशी होते तेवढेच.