अनुदानाचे आमिष आणि अर्थिंगचे काम : घरी ई-वाहन चार्जर बसवून घेण्याचा नागपुरातील अनुभव

‘शासकीय अनुदानासह घरगुती ई-वाहन चार्जर’ असे छापलेले पत्रक मार्च महिन्यात आमच्या त्रिमूर्तीनगरातील घराच्या फाटकाला अडकवलेले आढळले आणि नवी इलेक्ट्रिक मोटार दोन आठवड्यांत दारी येणार असल्यामुळे मी त्याच संध्याकाळी फोन केला. त्या मंडळींनी बसवलेला चार्जर आता सहा महिने वापरून झाला आहे. सेवेचे नाव मी देत नाही, कारण काम चोख असले तरी पत्रकातील त्या एका ओळीबद्दल माझी तक्रार कायम आहे.

पाहणीसाठी आलेल्या प्रतिनिधीने बसताक्षणीच सांगितले, ‘‘अनुदानाचं आम्ही पाहून घेतो काका, तुम्ही फक्त आधार अन् गाडीचे कागद द्या, दहा हजार परत येतात.’’ दहा हजार हा आकडा त्याने हवेतून काढला नव्हता. राज्याच्या २०२१ च्या ई-वाहन धोरणात कमी क्षमतेच्या चार्जरसाठी खर्चाच्या ६० टक्के, परंतु कमाल १०,००० रुपये, असे प्रोत्साहन होते आणि ते पहिल्या १५,००० चार्जरपुरते होते. मात्र त्या तरतुदीचा रोख सार्वजनिक आणि अर्ध-सार्वजनिक चार्जिंगवर होता, घराच्या पोर्चमधील खासगी चार्जरवर नव्हता. शिवाय त्या धोरणाची मुदतही ३१ मार्च २०२५ रोजी संपली. नव्या, २०३० पर्यंतच्या धोरणात वाहनखरेदीवर सवलत आहे, समृद्धी महामार्गावर टोलमाफीची तरतूद आहे (नागपूरकराला हिचे मोल वेगळे सांगायला नको) आणि नव्या निवासी इमारतींचे वाहनतळ चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याचे बंधन आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतील चार्जिंगसाठीचे २,००० कोटी रुपये तर उघडपणे सार्वजनिक केंद्रांसाठीच आहेत. दिल्ली सरकारने २०२० च्या धोरणात पहिल्या ३०,००० चार्जिंग पॉइंटना प्रत्येकी ६,००० रुपयांपर्यंत मदत देऊ केली होती, पण दिल्लीचा दाखला नागपुरात देऊन काय उपयोग! मी हे सारे मांडल्यावर प्रतिनिधी म्हणाला, ‘‘पत्रक मागच्या वर्षीचं आहे.’’ पुढच्या आठवड्यात तेच पत्रक शेजाऱ्यांच्या फाटकाला लागले.

ग्राहकाला खऱ्या अर्थाने मिळणारी सवलत जीएसटीत आहे : १ ऑगस्ट २०१९ पासून चार्जरवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चार्जर वेगळा विकत घेणाऱ्यांनी बिलावरील ही टक्केवारी डोळ्यांखालून घालावी. माझा ७.२ किलोवॉटचा चार्जर मोटारीबरोबर आला असल्यामुळे मला केवळ वायरिंग, संरक्षक साधने आणि मजुरी यांचे पैसे द्यावे लागले.

आता कामाविषयी, आणि येथे मला हात आखडता घेता येत नाही. वायरमन भाऊंनी पहिल्या दिवशी भिंतीला ड्रिल लावलेच नाही. मीटरपाशी बसून त्यांनी न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातील व्होल्टेज मोजले. ते १४ व्होल्ट भरले, म्हणजे अर्थिंग कमकुवत होते. मीटरचा आकडा मला दाखवत ते म्हणाले, ‘‘गाडी चार्जच नाही होणार साहेब, लाल दिवा दाखवीन.’’ आमचे घर १९९४ चे असून जुन्या अर्थिंगच्या खड्ड्यावर नंतर फरशी बसवली गेली होती, त्यामुळे त्यात कित्येक वर्षांत पाण्याचा थेंबही गेला नव्हता. त्यांनी मागच्या अंगणात, तुळशीपासून चार हात सोडून, नवा खड्डा घेतला. वरची काळी माती उन्हाने भेगाळलेली होती आणि खाली कडक मुरूम लागला. त्या एका खड्ड्यात अर्धा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी व्होल्टेज दोनच्या खाली आले. मगच ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, ४० अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाल्यास पडणारा स्विच) बसला. केबलच्या टोकाला त्यांनी लग, म्हणजे जोडणीची धातूची टोपी, दाबून बसवले, नुसती पिळलेली तार स्क्रूखाली कोंबली नाही. पाच-सहा तास सलग ३२ अँपिअर वाहणाऱ्या जोडात ढिलाई राहिली, तर ती मे महिन्याच्या ४५ अंशांत काय करील याचा विचार त्यांच्या हातांनी केलेला दिसला.

मंजूर भाराचा, म्हणजे वीज कंपनीने घराला मंजूर केलेल्या वीजक्षमतेचा, मुद्दाही त्यांनीच काढला. आमचा भार ३ किलोवॉट होता. त्यावर दोन कूलर, एक एसी, पाण्याची मोटर आणि वर हा चार्जर चालणे शक्यच नव्हते. भारवाढीचा ऑनलाइन अर्ज त्यांनी माझ्यासमोर बसून भरून दिला आणि थ्री फेज मीटर लागेपर्यंत चार्जर पूर्ण क्षमतेने चालवू नये, असे निक्षून सांगितले. घरच्या जोडणीवरूनच मोटार चार्ज करण्यास केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुभा आहे, त्यामुळे वेगळे मीटर घेणे बंधनकारक नाही. महिन्याला सुमारे १,२०० किलोमीटर फिरून माझा वापर २०० युनिटांवरून जवळपास ३९० वर गेला, म्हणजे वीजदराच्या ३०१ ते ५०० युनिटांच्या महागड्या टप्प्यात शिरला. मात्र वरचा दर फक्त ३०० च्या पुढील युनिटांना लागतो, हे लक्षात आल्यावर माझी निम्मी धास्ती गेली. उरलेली निम्मी वेळ बदलल्याने कमी झाली. जुलै २०२५ पासून टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदवणारे मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत देण्यात आली, म्हणून मी निवृत्तीचा फायदा घेऊन दुपारी चार्ज करतो. रात्री चार्जिंग स्वस्त पडते, असे प्रतिनिधीने सांगितले होते. तेही पत्रकाइतकेच शिळे निघाले.

अनुदानाचीच आस असेल तर ती छतावर शोधावी, असे माझे मत आहे. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि त्याहून मोठ्या सौर संचाला ७८,००० रुपये मिळतात आणि दिवसा चार्ज होणाऱ्या मोटारीला त्याचा थेट लाभ होतो. या सेवेने त्याचा अवाक्षरानेही उल्लेख केला नाही, कारण ते सौर संच बसवत नाहीत.

जुलैच्या पहिल्या जोरदार पावसात आरसीसीबी तीनदा पडला. फोन केल्यावर वायरमन भाऊ त्याच दुपारी आले. केबल डब्यात वरच्या बाजूने घेतल्यामुळे पाणी पाइपातून आत उतरत होते. ती चूक आपली आहे, हे त्यांनी स्वतःहून मान्य केले, डब्याच्या तळाला नवे भोक पाडून केबल खालून आत घेतली, वरचे भोक बुजवले आणि पैसे घेतले नाहीत. त्यानंतर तो आजवर पडलेला नाही. कामासाठी पाचपैकी साडेचार तारे. पत्रकासाठी एकही नाही.