मुरिना की कोर्पो चेलेस्ते: आधी कोणता पाहावा?

दिग्दर्शिकेचा पहिलाच चित्रपट हवा, नायिका वयात येणारी मुलगी हवी आणि गोष्ट युरोपातली हवी, असं सांगून कुणी एकच नाव मागितलं तर माझी अडचण होते. क्रोएशियाच्या अंतोनेता अलामात कुसियानोविचचा ‘मुरिना’ (२०२१) आणि इटलीच्या आलीचे रोरवाकरचा ‘कोर्पो चेलेस्ते’ (२०११) हे दोन्ही चित्रपट एकदमच डोळ्यांपुढे येतात. दोन्ही फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात डायरेक्टर्स फोर्टनाइट या मुख्य स्पर्धेबाहेरच्या विभागात दाखवले गेले. दोन्ही पावणेदोन तासांच्या आत संपतात. दोन्हींचं छायाचित्रणसुद्धा एकाच बाईंनी केलं आहे, फ्रान्सच्या हेलेन लुवार यांनी. पण पाहताना येणारा अनुभव इतका वेगळा आहे, की एकाच्या तयारीने बसून दुसरा पाहिला तर निराशा होऊ शकते.

‘मुरिना’तली युलिया सतरा वर्षांची आहे. आड्रिॲटिक समुद्रातल्या एका खडकाळ बेटावर ती आईवडिलांसोबत राहते. वडील आन्ते तिला घेऊन समुद्रात बुडी मारतात आणि दोघं भाल्याने मुरिनाची शिकार करतात. मुरिना म्हणजे खडकांच्या कपारीत दबा धरून बसणारी वाम. पाण्याखाली बापलेकींची जोडी बिनतोड आहे, पण काठावर आल्या क्षणी तिने काय घालावं, कुणाशी बोलावं, केव्हा हसावं हे आन्ते ठरवतो. मग हाविएर नावाचा जुना परिचित, श्रीमंत परदेशी माणूस बेटावर येतो. आन्तेला त्याला जमीन विकायची आहे. हाविएर आणि आई नेला यांच्यात पूर्वी काहीतरी होतं, हे युलियाच्या लक्षात येतं. बेटावरून सुटायची वाट तिला या माणसात दिसू लागते.

इथे विरोधक कोण हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं आणि शेवटपर्यंत तो समोर असतो. लिओन लुचेवने आन्ते नुसता क्रूर रंगवलेला नाही. पाहुण्यासमोर लाचारी करणारा, बायकोच्या नजरेतून उतरल्याची भीती बाळगणारा आणि तो सगळा राग मुलीवर काढणारा बाप त्याने उभा केला आहे. असे बाप आपण पाहिलेले असतात, म्हणून ते जास्त लागतं. आई मुलीची बाजू घेणार की नवऱ्याची, हा प्रश्न मला बापापेक्षाही जास्त छळत राहिला. ग्रात्सिया फिलिपोविचची युलिया फार बोलत नाही. तिच्या खांद्यांत आणि जबड्यात काय चाललंय ते बघत राहावं लागतं. दिग्दर्शिकेच्या आधीच्या लघुपटातही तीच होती आणि दोघींचा एकमेकींवरचा विश्वास पडद्यावर दिसतो. या चित्रपटाला त्या वर्षी कामेरा दोर, म्हणजे कानमधला सर्वोत्तम पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार मिळाला.

‘कोर्पो चेलेस्ते’ असा पकडून ठेवत नाही, आणि तिथेच अनेकजण तो अर्धवट सोडतात. तेरा वर्षांची मार्ता स्वित्झर्लंडमध्ये वाढून आई आणि मोठ्या बहिणीबरोबर इटलीच्या दक्षिण टोकाला, रेज्जो कालाब्रियाला परतली आहे. आई दिवसरात्र राबते, बहीण खेकसते. ओळखी व्हाव्यात म्हणून मार्ताला चर्चमध्ये दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या कॅथलिक विधीच्या तयारीच्या वर्गाला घातलं जातं. सान्ता नावाच्या बाई तिथे मुलांना देवाशी ‘ट्यून’ होण्याचं गाणं शिकवतात आणि धर्माचे प्रश्न टीव्हीवरच्या क्विझसारखे पर्याय देऊन विचारतात. फादर मारिओंना बढतीची आस आहे, म्हणून ते निवडणुकीत बिशपच्या मर्जीतल्या उमेदवारासाठी मतं गोळा करण्यात गुंतले आहेत. मार्ता मात्र खरोखरच ऐकत असते. शिकवलेल्या शब्दांचा अर्थ तिला हवा असतो आणि तो द्यायला कुणाला सवड नसते.

वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरात वाढलेल्यांना ती लगबग चटकन ओळखीची वाटेल. पण त्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही. पाठांतर चोख आणि अर्थाचं नाव नाही, असे वर्ग आपण सगळेच बसून आलो आहोत. मला हा चित्रपट मोठा वाटतो तो यासाठी, की रोरवाकर यांतल्या कुणालाही खलनायक करत नाही. सान्ताबाई मनापासून झटतात, फादर थकलेले आहेत, आई प्रेमळ आहे. तरीही मुलगी एकटी पडते. पुढे फादरसोबत ती डोंगरातल्या एका ओसाड गावी जाते. चर्चसाठी तिथला जुना लाकडी क्रूस आणायचा असतो. तिथे भेटलेला म्हातारा धर्मगुरू तिला येशूच्या रागाबद्दल सांगतो. त्या दोन-चार मिनिटांसाठी सगळा चित्रपट पाहावा असं मला वाटतं. मार्ता झालेली यीले वियानेल्लो तिथे नुसती ऐकते, आणि इतक्या लक्ष देऊन ऐकणारा चेहरा पडद्यावर फार क्वचित दिसतो.

लुवार यांच्या कामाची तुलना करायची तर दोन्ही एका आठवड्यात पाहा. ‘मुरिना’त ऊन अंगावर येतं, खडक पांढरे रखरखीत, पाणी निळंशार. इतकं देखणं ठिकाण तुरुंग वाटावं, ही किमया त्यांची. ‘कोर्पो चेलेस्ते’ सुपर १६ या १६ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाला आहे. उड्डाणपुलांचं काँक्रीट, कोरडं नदीपात्र, गच्चीवरून खाली बघणारी मुलगी. कॅमेरा मार्ताच्या उंचीवर राहतो, त्यामुळे मोठ्यांची धावपळ तिला दिसते तशीच तुटक आपल्याला दिसते.

उणिवा दोन्हींत आहेत. हाविएर हे पात्र मला कच्चं वाटलं. क्लिफ कर्टिस चांगला नट आहे, पण बाहेरून आलेला, दार उघडून देणारा श्रीमंत पुरुष ही सोपी सोय झाली. शिवाय वामीचं प्रतीक जरा जास्तच अधोरेखित होतं. ‘कोर्पो चेलेस्ते’ मधल्या भागात रेंगाळतो, आणि सान्ताबाईंच्या वर्गात रोरवाकर क्वचित टिंगलीकडे झुकते. ते तिच्या इतर समजूतदारपणाशी जुळत नाही.

मुलीसोबत पाहायचा असेल तर? बारा-चौदाची असेल तर ‘कोर्पो चेलेस्ते’. मार्ताला पहिली पाळी याच काळात येते आणि तो प्रसंग कुठलाही गाजावाजा न करता येतो. घरात त्यावर बोलायला त्याने मदत होईल. मात्र मांजरीच्या पिल्लांचा एक प्रसंग फार क्लेशदायक आहे, त्याची आधी कल्पना द्या. ‘मुरिना’ मी सोळाच्या पुढच्यांनाच सुचवेन, कारण त्यातली घरातली दहशत खरी आहे. ज्या घरात असा बाप आहे किंवा होता, तिथे तो एकत्र बसून लावायच्या आधी नीट विचार करा.

हे दोन्ही नको असतील, मोठ्या माणसांचा जाच बाजूला ठेवून नुसत्या मैत्रिणींमधली ओढ आणि असूया पाहायची असेल, तर फ्रेंच दिग्दर्शिका सेलीन सियामाचा पहिला चित्रपट ‘वॉटर लिलीज’ (२००७) आहे. पॅरिसजवळच्या उपनगरातला जलतरण तलाव, पंधरा वर्षांच्या तिघी, एका मुलीचं दुसरीवर जडलेलं मन. मोठी माणसं जवळजवळ दिसतच नाहीत. दीड तासाच्या आत संपतो.

दोन्ही पाहणार असाल तर ‘मुरिना’ आधी लावा. कामावरून दमून आल्यावरही तो बघवतो, झोप येऊ देत नाही. ‘कोर्पो चेलेस्ते’ सुट्टीच्या सकाळी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बघा, आणि पहिला अर्धा तास काही घडत नाही म्हणून बंद करू नका.