दोघांसाठी दोन मुक्काम: महाबळेश्वर, भिलार, बामणोली की कोयनानगर?

माझी मामेबहीण सांगलीत असते. यंदाच लग्न झालंय. परवा तिचा फोन आला, "ताई, दोन मुक्काम, दोघांचे मिळून सहा हजार. डोंगर हवा, पाणी दिसायला हवं, गर्दी नको. महाबळेश्वरला जाऊ का?"

साताऱ्यात राहणाऱ्याला हा प्रश्न वर्षातून चार-पाचदा तरी येतोच. यावेळी म्हटलं, फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा नीट लिहूनच काढू. आम्ही दोघं गेली नऊ वर्षं आपल्याच जिल्ह्यात दरवर्षी एकदा तरी दोन रात्री राहून येतो, आणि कधीच मोठं बजेट नसतं.

आधी एक गोष्ट, जी मला तिसऱ्या-चौथ्या सहलीत कळली. दोघांचा खर्च म्हणजे चौघांच्या खर्चाचा निम्मा नव्हे. काही गोष्टींचे पैसे माणशी घेतात: एसटीचं तिकीट, जेवणाची थाळी, कास पठाराची प्रवेश फी. काही गोष्टींचे अख्खे द्यावे लागतात: टॅक्सी, बोट, जीप. चौघं असले की टॅक्सीचे चार भाग होतात, दोघं असले की दोनच. म्हणून दोघांनी जागा निवडताना तिथं किती गोष्टी माणशी मिळतात आणि किती अख्ख्या घ्याव्या लागतात, हे आधी बघावं. देखावा सगळीकडे फुकटच आहे. पैसे जातात ते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यात, आणि चुकीच्या वाराला जाण्यात.

सहा हजारांची वाटणी मी अशी करते: दोन रात्रींच्या खोलीला जास्तीत जास्त तीन हजार, खाण्यापिण्याला दीड हजार, उरलेले दीड हजार प्रवासाला आणि फिरण्याला. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे नवरा-बायकोला मिळून दीड तिकीट पडतं. जिथं एसटी दारापर्यंत जाते तिथं हा मोठाच आधार आहे.

महाबळेश्वर

महाबळेश्वरला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. साडेचार हजार फुटांवरची ती हवा, विल्सन पॉइंटवरची पहाट, क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडणारं गार पाणी, हे सगळं खरंच आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथं मानतात, आणि सांगलीच्या माणसानं आपली कृष्णा जिथून निघते ती जागा एकदा बघावीच.

पण दोघांच्या हिशोबाला हे गाव जड आहे. पॉइंट पांगलेले आहेत. आर्थर सीट एकीकडे, केट्स पॉइंट पाचगणीच्या रस्त्याला, प्रतापगड तर आंबेनळी घाट उतरून खाली. टॅक्सी केली की अख्खी गाडी अंगावर पडते. स्टँडवर एसटीच्या महाबळेश्वर आणि प्रतापगड दर्शनाच्या गाड्यांची चौकशी करा, त्यात पैसे माणशी लागतात. विल्सन पॉइंट बाजारपेठेतून पायी होतो. अंधार असतानाच निघायचं, कानटोपी घालून.

दुसरी अडचण वाराची आणि तारखेची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो होतो. खोली फोनवर ठरली होती. दारात पोहोचलो तर भाव दुप्पट सांगितला, "सीझन आहे, मॅडम." मी बॅग खाली ठेवलेलीसुद्धा नव्हती. तीन-चार ठिकाणी विचारलं, तोच प्रकार. शेवटी संध्याकाळच्या एसटीनं पसरणीचा घाट उतरून वाईला आलो आणि साधी खोली घेतली. सकाळी गणपती घाटावर ढोल्या गणपतीचं दर्शन, कृष्णेच्या पायऱ्यांवर बसून चहा, मग मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि तिथला घाट. ती सहल वाईमुळं वाचली. तेव्हापासून महाबळेश्वरला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, एक मुक्काम वाईत ठेवा, खोली स्वस्त पडते आणि गाव सुंदर आहे. आणि खोली ठरली की भाव मेसेजवर लिहून मागवा.

मंगळवार ते गुरुवार गेलात तर हेच महाबळेश्वर निराळं असतं. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी घाट भरलेला असतो. त्या दिवशी दोघांनी तिथं जाण्यात मला तरी काही अर्थ वाटत नाही.

पाचगणी-भिलार

गाडी नाही, टॅक्सी परवडत नाही, पण महाबळेश्वरचीच हवा हवी, अशा जोडप्याला मी डोळे झाकून भिलार सांगते. पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना मुख्य रस्त्यापासून थोडं आत हे गाव आहे. ४ मे २०१७ ला ते 'पुस्तकांचं गाव' झालं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी पुस्तकं ठेवली होती, घरांत, देवळात, शाळेत. एका घरी कविता, दुसऱ्या घरी इतिहास, तिसऱ्या घरी संतसाहित्य. आत जायचं, पुस्तक काढायचं, खुर्चीत बसायचं. वाचायला पैसे पडत नाहीत.

गेलो तेव्हा आम्ही एका घराच्या ओसरीत दुपारचे तीन तास बसलो होतो. बाहेर धुकं इतकं उतरलं होतं की अंगणातली तुळस दिसेना. घरातल्या काकूंनी न विचारता चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, "वाचा निवांत, जेवायचं असलं तर आत्ताच सांगा, भाकऱ्या टाकते." नवऱ्याने शाळा सुटल्यापासून पुस्तक हातात धरलं नव्हतं. तो त्या दिवशी शिवकालीन पत्रांचं एक जाडजूड पुस्तक अर्ध्यापर्यंत वाचून उठला. आमच्यातलं त्या सहलीचं बोलणं अजून त्या ओसरीवरच येऊन थांबतं.

राहायला घरगुती सोय होते. जेवण घरचं. जानेवारी ते मार्च स्ट्रॉबेरी भरात असते. रस्त्यावरच्या सजवलेल्या खोक्यांपेक्षा शेतावर किलोनं घ्या. पाचगणीत टेबल लँड आणि सिडनी पॉइंट पायी होतात. सिडनी पॉइंटवरून खाली धोम धरणाचं पाणी आणि वाईचं खोरं अख्खं दिसतं. टेबल लँडवर घोडेवाले मागे लागतील, दर आधी ठरवल्याशिवाय बसू नका.

उणीव एकच. पाणी हवं असणाऱ्याला इथं पाणी फक्त लांबून दिसतं.

बामणोली-तापोळा

आता माझ्या आवडीच्या जागेकडे येते. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय जिथं डोंगराच्या घड्यांत शिरतो, तिथं एका अंगाला बामणोली, दुसरीकडे तापोळा. तापोळ्याला महाबळेश्वरहून उतरतात, बामणोलीला साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून, पेट्री, कास करत. माझं मत बामणोलीच्या बाजूनं आहे, कारण वाटेवरच कासचं पठार आणि कासचा तलाव लागतो. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत गेलात तर तेरड्याचा गुलाबी गालिचा आणि 'सीतेची आसवं' या फुलांचा निळा रंग एकाच फेरीत मिळतो. पश्चिम घाटासोबत हे पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. फुलांच्या दिवसांत ऑनलाइन नोंदणी करूनच जा. बाकी वर्षभर हा रस्ता जवळजवळ तुमच्या दोघांचाच असतो.

खर्चाच्या बाजूनं इथं एकच मोठा काटा आहे, बोट. बोटीचे पैसे अख्ख्या बोटीचे असतात. दोघांनी घेतली की बजेट तिथंच कोलमडतं. त्यावर उपाय सोपा आहे, पण तो पहिल्या दिवशी सुचत नाही. धक्क्यावर सकाळी लवकर जाऊन बसायचं. एखादं कुटुंब येतंच. "दत्त मंदिराकडे जाताय का? आम्ही दोघंच आहोत, वाटून घेऊ," असं सरळ विचारायचं. आम्ही एकदा कराडच्या एका कुटुंबाबरोबर गेलो, आजीसकट सात जण आणि आम्ही दोघं. आजींनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बोटीतच वाढल्या. बोटवाल्या दादांनी मध्यावर इंजिन बंद केलं आणि बोट तशीच राहू दिली. पाण्याचा थप थप असा आवाज लाकडावर येत होता आणि दोन्ही बाजूंनी डोंगर. दादा पाण्याकडे हात करून म्हणाले, "आमचं जुनं गाव ह्या खाली." धरण झालं तेव्हा या खोऱ्यातली कितीतरी गावं बुडाली, माणसं वर सरकली किंवा लांब गेली. आजींनी हात जोडले. त्यानंतर बराच वेळ बोटीत कोणी फोटो काढला नाही.

वासोटा किल्ल्यावर जायचं असेल तर तो वेगळा बेत आहे. बामणोलीहून बोटीनं पलीकडे, मग कोयना अभयारण्याच्या जंगलातून चढ. वनखात्याची परवानगी आणि ओळखपत्र लागतं, पावसाळ्यात बंद असतं, आणि पूर्ण दिवस जातो. दोघांनीच गेलात तर बोटीचा खर्च जास्त, म्हणून एखाद्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये सामील व्हा.

राहायला घरगुती खोल्या आणि तंबू दोन्ही मिळतात. जेवण पिठलं-भाकरी, झुणका, कुठं मासे. पैसे रोख न्या, पेट्रोल साताऱ्यातच भरा, मोबाइलची रेंज सगळीकडे मिळेल असं धरू नका. दिवस मावळल्यावर दुचाकीनं घाटात अजिबात फिरू नका. रानगवे रस्त्यावर येतात, वळणावर अचानक समोर उभा राहिलेला गवा मी पाहिलाय आणि तो प्रसंग कोणावर येऊ नये. एसटी आहे, पण फेऱ्या थोड्या. सातारा स्टँडवर परतीची वेळ विचारूनच निघा.

एप्रिल-मे मध्ये इथं येऊ नका, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. पाणी खाली जातं, काठाला तांबड्या मातीचा उघडा उतार पडतो आणि दुपारी सावली मिळत नाही.

कोयनानगर

सांगलीकरांना हे सगळ्यात सोयीचं. कराडपर्यंत या, तिथून चिपळूण रस्त्याची एसटी पाटण करून थेट कोयनानगरला सोडते. १०३ मीटर उंचीचं धरण समोर दिसणारं नेहरू उद्यान, नवजा गावाकडे गेलं की ओझर्डे धबधबा, पुढे कुंभार्ली घाटाचं टोक. बोटीचा, टॅक्सीचा खर्च नाहीच म्हटलं तरी चालेल, मात्र नवजाला जायला रिक्षा किंवा स्वतःची गाडी हवी. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे दिवस मला इथं सगळ्यात चांगले वाटतात. डोंगर हिरवे असतात आणि धबधब्याला पाणीही असतं.

भर पावसात मात्र थांबा. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगावसारख्या गावांवर दरडी कोसळल्या, माणसं गेली. हवामान खात्याचा इशारा असेल त्या आठवड्यात सहलीचे बेत पुढे ढकलावेत, मग खोलीचे पैसे बुडाले तरी चालतील.

सांगलीहून चांदोलीचाही विचार लोक करतात. वारणेचं धरण, वारणावती आणि राष्ट्रीय उद्यान, जागा सुरेख आहे. पण जंगलात फिरायला गाडी लागते, म्हणजे पुन्हा अख्ख्या गाडीचा हिशोब. पावसाळ्यात उद्यान बंद. सोबत आणखी एक जोडपं असेल तर अवश्य जा.

मग ठरवायचं कसं

महिना आधी बघा. फुलांच्या दिवसांत आणि थंडीत बामणोली, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोयनानगर, जानेवारी ते मार्च भिलार. मे महिन्यात फक्त महाबळेश्वर-पाचगणीची उंची उपयोगाला येते, तेही अधल्यामधल्या वारी. पावसाळ्यात धुकं आवडत असेल तर भिलार, कारण पॉइंट दिसले नाहीत तरी वाचायला पुस्तकं आहेतच.

आणि दोन मुक्काम म्हणजे एकच जागा, महाबळेश्वरला जोडून वाई हा तेवढा अपवाद. पहिल्या रात्री महाबळेश्वर, दुसऱ्या रात्री तापोळा असा बेत कागदावर छान दिसतो, पण त्यात अर्धा दिवस सामान बांधण्यात आणि वाहन शोधण्यात जातो. नवं लग्न झालेल्यांनी तर हे मुळीच करू नये. एकमेकांबरोबर नुसतं बसायला वेळ मिळावा म्हणूनच घराबाहेर पडतोय ना आपण?

माझ्या बहिणीला रजा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळतेय. तिला मी बामणोली सांगितलंय. मंगळवारी सकाळच्या एसटीनं साताऱ्याला या, स्टँडवरून थेट घरी. जेवून माझी स्कूटर घ्या, टाकी मी आदल्या दिवशी भरून ठेवते. उन्हं कलायच्या आत बामणोलीत पोहोचा. जाताना कंदी पेढ्यांचा एक पुडा न्या, बुधवारी सकाळी धक्क्यावर बोट वाटून घेणारं कुटुंब भेटलं की उपयोगाला येईल.