खोक्यातले पाच कपडे आणि कोकणातली हवा

आधी निकाल. दर महिन्याला पाच कपड्यांचा खोका घरी पाठवणारी ही सेवा रत्नागिरी-सिंधुदुर्गात ऑक्टोबर ते मे घेण्यासारखी आहे. जून ते सप्टेंबर मात्र ती थांबवावी. ॲपमध्ये 'या महिन्यात नको' म्हणायची सोय आहे, ती बिनदिक्कत वापरावी. शिवण बरी असते, फॉर्ममध्ये मापंही नीट विचारतात. पण कपडे निवडणाऱ्या स्टायलिस्टच्या डोळ्यांपुढे एसी ऑफिस असतं, खारी दमट हवा नसते. त्यामुळे कपडा अंगावर कसा दिसतो याच्याआधी तो इथे कसा वागेल हे तपासावं लागतं.

व्यवहार सरळ आहे. स्टायलिंग फी आगाऊ घेतात आणि एक जरी कपडा ठेवला तरी ती बिलातून वजा होते. पाचही परत केले तर फी गेली. निर्णयाला ५ दिवस मिळतात, आणि ते ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसल्यापासून मोजले जातात. घर वाडीत आत असेल तर पार्सल बऱ्याचदा नाक्यावरच्या दुकानात ठेवलं जातं आणि दिवस तिथूनच सुरू होतात. पत्त्यात वाडीच्या नावाबरोबर जवळचं देऊळ किंवा एसटीचा थांबा लिहिला तर हा एक-दोन दिवसांचा तोटा टळतो.

खोका आला की त्याच दिवशी उघडावा. पुठ्ठा ओल ओढून घेतो आणि आतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कोंडते. कपडे काढून, टॅग तसेच ठेवून, पंख्याखाली तासभर दांडीवर पसरावेत आणि मगच नाकाला लावून बघावेत. तासाभरानंतरही कुबट वास येत असेल तर बुरशी गोदामातच धरलेली आहे. असा कपडा घालूनही बघू नये, फोटो काढून परत पाठवावा.

आता कापड. पाचांपैकी दोन-तीन कुर्ते तरी व्हिस्कोसचे असतात, लेबलवर कधी 'रेयॉन' लिहितात. हातात घेतलं की मऊ, जड, सुळसुळीत लागतं, म्हणूनच आरशापुढे ते सगळ्यांत आधी आवडतं. अडचण अशी की ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सुती कापड वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरतं, व्हिस्कोस १३ टक्क्यांच्या आसपास, तर पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. आपल्याकडे जुलैत आर्द्रता ८५च्या वर जाते. म्हणजे व्हिस्कोसचा कुर्ता दांडीवर नुसता टांगलेला असला तरी ओलसर राहतो. शिवाय ओल्या व्हिस्कोसची ताकद जवळजवळ निम्मी होते. धुताना पिळला की मुंढ्याची, म्हणजे बाही जोडलेल्या जागेची, शिवण उसवते, ती त्यामुळे. दोष दोऱ्याचा नसतो, कापड शिवणीपाशी सरकतं. हे खोक्यातल्या कुर्त्यावरही बघता येतं: मुंढ्याखालच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकेच ताणायचं. टाक्यांभोवती बारीक जाळी दिसली तर कुर्ता परत.

सुती कुर्ता असेल तर आत हात घालून अस्तर बघावं. वरून मलमल आणि आतून पॉलिस्टरचं अस्तर, हा प्रकार या खोक्यांत फार आढळतो. एसीत तो चालून जातो, मालवणच्या मे महिन्यात दुपारी १२ वाजता अंगाला चिकटतो. अस्तर हवंच असेल तर सुती, आणि तेही फक्त छातीपर्यंत. लिननचे शर्ट या सेवेत खरंच चांगले निघतात, त्याबद्दल तक्रार नाही.

माप. लेबलवरचं 'एम ३८' काही ब्रँडमध्ये अंगाचं माप असतं, काहींत तयार कपड्याचं, म्हणून लेबलवर विसंबू नये. कुर्ता सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावावी आणि दुप्पट करावी. छाती ३८ असेल तर न ताणणाऱ्या कापडाचा तयार कुर्ता ४१ ते ४२ इंच हवा. कोरड्या हवेत २ इंच सैलपणा पुरतो, इथे घामाने कापड पाठीला बसतं म्हणून ३ ते ४ धरावेत. त्यात आटणं वेगळं. आधी न धुतलेलं सुती कापड ३ ते ५ टक्के आटू शकतं. ४४ इंच उंचीचा कुर्ता ५ टक्के आटला तर २ इंचांहून जास्त वर जातो, आणि गुडघ्याखाली येणारा कुर्ता गुडघ्यावर येतो.

घट्ट कुर्ता 'शिंप्याकडून सैल करून घेऊ' म्हणून ठेवण्याआधी तो उलटा करावा. दोन्ही कडांना प्रत्येक पल्ल्यात अर्धा इंच सोडण्याइतकं मार्जिन असेल तर पुढचा-मागचा पल्ला दोन्ही बाजूंना मिळून घेर २ इंच वाढतो. पण तयार कपड्यांत ओव्हरलॉक, म्हणजे कड उसवू नये म्हणून मशीनची शिलाई, मारताना कापड शिवणीलगत छाटलेलं असतं, जेमतेम एक सेंटिमीटर उरतं. तिथे शिंपी काही करू शकत नाही. उलट, सैल कुर्ता आत घ्यायला सहसा अडचण नसते. दोन मापांत मन डळमळलं तर मोठं ठेवा.

घालून बघायची वेळ सकाळची, आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं झाल्यावर. पावडर, केसांचं तेल, ओलं कुंकू नको, कारण यातला एक डाग पडला की परतीची वाट बंद. जॉर्जेट किंवा शिफॉन असेल तर मंगळसूत्र आणि बांगड्या उतरवाव्यात, बारीक तार अडकली तरी धागा ओढला जातो. उभं राहून बघणं पुरेसं नाही. दोन्ही हात दांडीवर कपडे वाळत घालतो तितके वर न्यावेत: कुर्ता कमरेपर्यंत उचलला गेला तर मुंढा खोल कापलेला आहे. जमिनीवर मांडी घालून बसावं, कुर्त्याच्या बाजूच्या कटाची वरची टोकं ताणली जातात का ते दिसतं. अरुंद पँट असेल तर एसटीची पहिली पायरी चढताना जितका पाय उचलतो तितका उचलून बघावा. मांडीची शिवण तिथेच बोलते.

इथल्यासाठी दोन चाचण्या चुकवू नयेत. पहिली लोहचुंबकाची. फ्रिजवर चिकटवायचा साधा चुंबक हुक, झिप आणि धातूच्या बटणांना लावावा. चिकटला तर आत लोखंड आहे, वरचा मुलामा खाऱ्या हवेत उतरला की कापडावर गंजाचा डाग येणार. पितळी किंवा नायलॉनची झिप टिकते. कुर्ता फारच आवडला असेल तर हुक बदलून घेण्याची तयारी ठेवूनच पैसे भरावेत. दुसरी चाचणी रंगाची: पांढरा सुती रुमाल किंचित ओला करून आतल्या बाजूने, शिवणीच्या मार्जिनवर, १० वेळा घासायचा. निळीचा आणि काळा रंग इथे पकडला जातो. रुमालावर फिकट छटा आली तर ठीक, ठळक पट्टा उमटला तर तो रंग घामाने पांढऱ्या सलवारीवर उतरेल.

पांढऱ्या किंवा मोतिया पलाझोबद्दल स्पष्टच सांगायला हवं. घोट्याखाली येणारा ठेवू नये. तांबड्या मातीतला रंग लोहाचा असतो, तो साध्या साबणाने निघत नाही आणि ब्लीच घातलं तर उलट पक्का बसतो. घोट्याच्या दोन बोटं वर संपेल असा ठेवावा, किंवा रंगीत मागवावा. फॉर्ममध्ये 'आवडीच्या सूचना' म्हणून जी मोकळी जागा असते तिथे नेमकं लिहावं: 'दमट हवा, सुती किंवा लिनन, अस्तर नको किंवा सुती, पँट घोट्याच्या वर.' असं लिहिल्यावर पुढच्या खोक्यात व्हिस्कोस कमी होतं. नुसतं 'कम्फर्टेबल' लिहिलं तर काहीच बदलत नाही.

चतुर्थीसाठी मागवायचं असेल तर किमान तीन आठवडे आधी. त्या सुमारास शिंपी आल्टर हातात घेत नाहीत, आणि घाटात दरड आली की कुरिअरही थांबतो. पावसाळ्यात खोका बंद ठेवला असला तरी हा एक अपवाद करायला हरकत नाही. तेव्हा सुती-पॉलिस्टर मिश्र कापड मागावं. ते सुतीइतकं सुखाचं नसतं, पण घरातल्या दोरीवर पंख्याखाली वाळतं, आणि त्या दिवसांत तेच लागतं.

परत पाठवताना कपडा कोरडा हवा, घामाचा ओलावाही नको. घडी मूळ पिशवीत घालून आलेली सिलिका जेलची पुडी आतच ठेवावी. पाकीट चिकटवण्याआधी टॅगसकट कपड्याचा आणि चिकटवल्यावर पाकिटाचा फोटो काढावा. पिकअपची विनंती पाचव्या दिवशी न करता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच टाकावी, कारण आतल्या गावांत गाडी रोज येत नाही. पिकअप चुकला तर विनंतीच्या नोंदीचा स्क्रीनशॉट दाखवून मुदत वाढवून मिळते, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही.